बहात्तरच्या दुष्काळाचे संग्रहालय : नववीच्या विद्यार्थ्यांकडून इतिहासाचे प्रदर्शन उभे करून घेण्याची पद्धत

शाळेतले इतिहासाचे प्रदर्शन म्हटले की पुठ्ठ्याचा रायगड, इंटरनेटवरून उतरवून घेतलेले तक्ते आणि त्यांना लावलेल्या रंगीत कागदाच्या झालरी डोळ्यांसमोर येतात. त्यात मुलांची हौस आणि हस्तकौशल्य दिसते, परंतु भूतकाळाविषयी एकही निर्णय त्यांना घ्यावा लागलेला नसतो. या लेखात मांडलेल्या पद्धतीत प्रश्न ठरवण्यापासून ते भेट देणाऱ्यांच्या शंकांना उत्तर देण्यापर्यंतचे सर्व निर्णय विद्यार्थी घेतात आणि शिक्षक त्या निर्णयांची कारणे विचारत राहतो. माझ्या मते अशा उपक्रमात इतिहास मुख्यतः दोन ठिकाणी शिकला जातो. जमलेल्या वस्तूंपैकी कोणती वगळायची हे ठरवताना, आणि ठेवलेल्या वस्तूविषयी पन्नास शब्दांत काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही हे लिहिताना. बाकीची सारी व्यवस्था या दोन कामांना पुरेसा वेळ आणि साहित्य मिळावे म्हणून करायची असते.

उदाहरण म्हणून १९७२-७३ चा दुष्काळ घेतला आहे. मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर, सांगली-साताऱ्याचा पूर्व भाग आणि पुणे जिल्ह्यातील पर्जन्यछायेतले तालुके यांतील जवळजवळ प्रत्येक गावात या दुष्काळाची आठवण आहे. त्या वर्षी विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत, त्यामुळे त्यांच्याशी बोलण्याची संधी आत्ताच्या विद्यार्थ्यांना आहे आणि काही वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती नसेल. नववीच्या पाठ्यपुस्तकात स्वातंत्र्योत्तर भारताचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवातच इतिहासाच्या साधनांनी होते. दहावीला ऐतिहासिक ठेव्यांचे जतन हे प्रकरण येते. दहावीच्या वर्षी एवढा वेळ काढणे कठीण असल्याने हा उपक्रम नववीत करावा.

शिक्षकाची तयारी

शिक्षकाला विषयाची चौकट माहीत हवी, कारण मुले जे गोळा करून आणतील त्याचा अर्थ लावताना तिची गरज पडते. राज्याच्या अनेक भागांत १९७२ च्या आधीची एक-दोन वर्षेही पावसाने दगा दिला होता, त्यामुळे घरातले धान्य आणि विहिरींचे पाणी आधीच तळाला गेले होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने दुष्काळी कामे मोठ्या प्रमाणावर काढली. रस्ते, पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरावे म्हणून बांधलेले तलाव), नालाबंडिंग (ओढ्यानाल्यांना घातलेले बांध) आणि खडी फोडण्याच्या केंद्रांवर १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे काम करत होती. मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडला होता आणि साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजनेने मूळ धरले, १९७७ मध्ये तिचा कायदा विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी झालेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. गावाबाहेरच्या पाझर तलावापासून संसदेच्या कायद्यापर्यंत जाणारी ही साखळी मुलांना शेवटी स्वतः जुळवता आली पाहिजे. पहिल्याच तासाला ती सांगून टाकू नये.

कायदा २६ जानेवारीला अमलात आला, म्हणून प्रदर्शनही प्रजासत्ताक दिनी खुले करणे औचित्याचे ठरेल. त्या दिवशी गाव झेंडावंदनासाठी शाळेत येतेच. दिवाळीच्या सुट्टीनंतर काम सुरू केले तर हाती सुमारे दहा आठवडे राहतात. आठवड्याला दोन तासिका आणि शनिवारचा थोडा वेळ एवढे पुरते. पहिला आठवडा प्रश्न ठरवण्यात, दुसरा संग्रहालय पाहण्यात, पुढचे तीन मुलाखती व वस्तू मिळवण्यात, दोन पडताळणी व निवडीत आणि उरलेले तीन लेखन व मांडणीत जावेत. वेळ कमी पडत असेल तर मुलाखतींची संख्या कमी करावी, पण पडताळणीच्या आठवड्याला हात लावू नये.

विषयातून प्रश्न काढणे

‘दुष्काळ’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. विषय घेऊन गेलेली मुले दिसेल ते गोळा करतात आणि मग काय ठेवावे हे ठरवायला त्यांच्याकडे कसोटी उरत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला चिठ्ठीवर दोन प्रश्न लिहायला सांगावेत, सगळ्या चिठ्ठ्या फळ्यावर लावाव्यात आणि वर्गाने त्या तीन कसोट्यांवर चाळाव्यात. उत्तर पाठ्यपुस्तकात तयार मिळते का? मिळत असेल तर प्रश्न बाद. आपल्या गावातली माणसे, वस्तू किंवा कागद याचे उत्तर देऊ शकतील का? देऊ शकत नसतील तर प्रश्न बाद. आणि आपल्याला वाटते त्याहून वेगळे उत्तर येण्याची शक्यता आहे का? ‘दुष्काळात लोकांचे हाल कसे झाले’ हा प्रश्न या तिसऱ्या कसोटीवर टिकत नाही, कारण हाल झाले हे गृहीतच आहे. ‘त्या वर्षी गावाने काय खाल्ले, कोठे काम केले आणि त्या कामांतून आज काय उरले आहे’ हा प्रश्न टिकतो, कारण शेवटच्या भागाचे उत्तर आज वर्गातल्या कोणालाच ठाऊक नसते. शिक्षकाला स्वतःचा प्रश्न कितीही आवडत असला तरी तो मुलांच्या माथी मारू नये. मुलांचा प्रश्न थोडा ओबडधोबड असला तरी चालतो, पुढच्या कामात तो घासून नीट होतो.

चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाचे पाच गट करावेत आणि गट उपप्रश्नांनुसार पाडावेत. अन्न, काम, पाणी, जनावरे आणि शाळा अशी विभागणी सोयीची पडते. प्रत्येक गटाने मुलाखतीपासून फलक लिहिण्यापर्यंतची सगळी कामे करावीत. चांगल्या अक्षराच्या मुलीकडे फक्त लेखन आणि धीट मुलाकडे फक्त बोलणे दिले तर निम्म्या वर्गाचा पुराव्याशी संबंधच येत नाही.

संग्रहालय पाहणे

या भेटीचा उद्देश एकच ठेवावा. संग्रहालय वस्तूंबद्दल कसे बोलते ते पाहायचे आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय या कामासाठी फार उपयोगी आहे, कारण तिथे दिवे, अडकित्ते, फण्या, वज्री अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत आणि आपल्या घरातली वस्तूही इतिहासाचे साधन असू शकते हे मुलांना सांगावे न लागता कळते. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात लोकांचे व्यवसाय आणि राहणी दाखवणाऱ्या मातीच्या प्रतिकृती आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय आहे आणि त्याच संस्थेची फिरत्या संग्रहालयाची बसही आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांना तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय जवळचे. औंधचे भवानी संग्रहालय, कोल्हापूरचे टाऊन हॉलमधील संग्रहालय अशी जवळची ठिकाणे जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतात.

प्रत्येक विद्यार्थ्याने तिथे फक्त तीन वस्तू निवडाव्यात आणि तीन गोष्टी टिपाव्यात. वस्तूजवळच्या माहितीच्या पट्टीवर काय लिहिले आहे, पट्टी वाचून कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला आणि शेजारी दुसरी कोणती वस्तू असल्यामुळे या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सहल शक्य नसेल तर शिक्षकाने एखाद्या संग्रहालयातील दहा-बारा वस्तूंची आणि त्यांच्या पट्ट्यांची छायाचित्रे आणून वर्गात हेच काम करून घ्यावे. फरक पडतो, पण काम अडत नाही.

मुलाखती

उपक्रमाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत नाजूक भाग हाच आहे, म्हणून त्यासाठी आधी वर्गात सराव हवा. शाळेतल्या एखाद्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याला किंवा निवृत्त शिक्षकाला बोलावून संपूर्ण वर्गासमोर एक मुलाखत घ्यावी, आणि कोणत्या प्रश्नाला लांब उत्तर आले व कोणत्या प्रश्नाला नुसते ‘हो’ आले याची नोंद ठेवावी. ‘आजोबा, तेव्हा फार त्रास झाला का?’ याला ‘झाला की’ यापलीकडे उत्तर येत नाही. ‘आजी, कामावर जाताना लेकरं कुणाजवळ ठेवायचात?’ या प्रश्नाला मात्र संपूर्ण दिवस उलगडतो. कामावर किती वाजता पोचायचे, भाकरी कसली असायची, मुकादम हजेरी कशी घ्यायचा, पगार कोणत्या वारी व्हायचा, पाणी कोण पाजायचे, असे लहान आणि ठोस प्रश्न विचारावेत. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी (कोरडे पौष्टिक खाद्य) या दोन गोष्टी पुष्कळ ठिकाणी निघतील. मिलोची चव, रंग, ती थापताना येणारी अडचण हे सारे बाईमाणसांनाच नेमके सांगता येते, आणि म्हणून घरातल्या कर्त्या पुरुषाची मुलाखत झाली की काम झाले असे समजू नये.

वयस्कर माणसे साल सांगत नाहीत आणि त्यांच्याकडून ते वदवून घेऊ नये. ‘थोरलीचं लग्न झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात’ असे उत्तर आले की मुलांनी ते तसेच लिहावे आणि नंतर लग्नाचे वर्ष घरातून शोधून काढावे. हा हिशेब जुळवणे हेच कालगणनेचे शिक्षण आहे.

मुलाखतीला दोघे किंवा तिघे जावेत. एकाने विचारायचे, एकाने टिपायचे आणि एकाने फोनवर ध्वनिमुद्रण सांभाळायचे. मुद्रणाच्या सुरुवातीलाच तारीख, बोलणाऱ्याचे वय आणि त्यांची परवानगी बोलून घ्यावी. नाव प्रदर्शनात लावलेले चालेल का, हे वेगळे विचारावे, कारण बोलायला तयार असलेली माणसे नाव द्यायला तयार असतीलच असे नाही. पूर्ण मुलाखत उतरवून काढण्याचा आग्रह नको. गटाच्या प्रश्नाशी संबंध असलेला पाच मिनिटांचा भाग शब्दशः उतरवावा आणि तो बोलणाऱ्याच्या भाषेतच ठेवावा. ‘खायाला काय बी नव्हतं’ हे वाक्य ‘खाण्यास काहीही नव्हते’ असे केले की पुरावा बदलतो.

भूक, मृत्यू, विकावी लागलेली जनावरे आणि गहाण पडलेली जमीन यांविषयी बोलताना माणूस थांबला तर मुलांनीही थांबावे. पुढचा प्रश्न विचारायची घाई नको आणि ‘मग काय झालं?’ असा तगादाही नको. पाण्याच्या प्रश्नाबरोबर जातीचा प्रश्न येणारच, कारण विहिरी आटल्यावर कोणाच्या विहिरीवर कोणाला पाणी मिळाले आणि कोणाला मिळाले नाही ही त्या वर्षाच्या इतिहासातली मध्यवर्ती गोष्ट आहे. शिक्षकाने ती टाळू नये. मुलांनी ऐकलेले प्रामाणिकपणे नोंदवावे, सांगणाऱ्याच्या संमतीखेरीज भिंतीवर लावू नये, आणि अशी संमती मिळाली तर फलकाची भाषा शिक्षक व विद्यार्थ्यांनी एकत्र बसून ठरवावी. ज्यांच्याशी बोलायचे त्यांची यादीही शिक्षकाने एकदा तपासावी. सगळ्या मुलाखती गावठाणातल्या मोठ्या घरांतच झाल्या आणि वस्त्या, तांडा किंवा वेशीबाहेरची घरे राहून गेली, तर प्रदर्शन गावाचे होणार नाही. त्या वर्षी पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेली आणि तिकडेच राहिलेली कुटुंबे जवळजवळ प्रत्येक गावाची असतात. त्यांच्याशी फोनवर बोलावे, कारण गाव सोडण्याची कारणे गावात राहिलेल्या माणसापेक्षा त्यांनाच चांगली ठाऊक असतात.

वस्तू, कागद आणि शिवारफेरी

मुलाखतीतूनच वस्तूंचा माग लागतो. घमेले, टिकाव, पाटी, जुने रेशनकार्ड, जात्याची तळी, मोटेचे चामडे, जनावराच्या गळ्यातली घाटी असे काहीबाही घरोघरी निघते. आणलेल्या प्रत्येक वस्तूची त्याच दिवशी नोंदवहीत नोंद व्हावी. क्रमांक, वस्तूचे नाव, कोणाकडून, कोणत्या तारखेला, मापे, वजन, सध्याची अवस्था आणि परत करण्याची तारीख, एवढे रकाने पुरतात. देणाऱ्याला मुख्याध्यापकांच्या सहीची पावती द्यावी. वस्तू घासूनपुसून चकचकीत करणे, तिला तेल किंवा रंग लावणे कटाक्षाने टाळावे, कारण घमेल्याच्या तळाचे ठिगळ आणि दांड्यावरची झीज यांतच सांगण्यासारखे काही असते. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि तो लॅमिनेट तर मुळीच करू नये. त्याचे छायाचित्र किंवा झेरॉक्स लावावी आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी परत द्यावा.

शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची व शाळा सोडल्याची नोंदवही, हे फारसे न वापरले जाणारे पण उत्कृष्ट साधन आहे. शाळा जुनी असेल तर १९७० ते १९७५ या वर्षांत किती मुलांची नावे काढली गेली, त्यांत मुली किती होत्या, कोणत्या महिन्यात गळती वाढली हे मुलांना स्वतः मोजता येते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने फक्त आकडे घ्यावेत, नावे वर्गाबाहेर जाऊ देऊ नयेत. ग्रामपंचायतीची जुनी ठरावपुस्तके आणि जिल्ह्याचे गॅझेटियर हेही पाहावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून घराघरांतली दप्तरे मिळवली आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून ती छापली, हे मुलांना या टप्प्यावर सांगितले तर आपण करतो आहोत ते काम किती जुन्या वाटेवरचे आहे याची त्यांना जाण येईल.

काही वस्तू खोलीत आणता येत नाहीत. पाझर तलाव, खडीचा रस्ता, नालाबंडिंगचे बांध आणि हातपंप हे गावात जिथल्या तिथे उभे आहेत. त्यासाठी एक शिवारफेरी काढावी. तलावाच्या बांधाची लांबी-रुंदी टेपने घ्यावी, आज त्यात पाणी किती महिने टिकते आणि खालच्या किती विहिरींना त्याचा उपयोग होतो हे शेतकऱ्यांना विचारावे. हातपंपाची गोष्ट तर मराठवाडा-सोलापूरच्या मुलांना स्वतःची वाटावी अशी आहे. खडकात खोल विंधनविहिरी घेता येऊ लागल्यावर त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप सारखे मोडत, तेव्हा जालन्यात आणि नंतर सोलापुरात पोलादी, मजबूत पंप घडवले गेले, आणि सोलापूरच्या पंपाच्या रचनेवरून पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार होऊन तो भारताबाहेरही गेला. शेते, रस्ते आणि पाणवठे हे सारे हाताने काढलेल्या नकाशावर दाखवावे आणि तो नकाशा प्रदर्शनाच्या मध्यभागी ठेवावा.

पडताळणी

या टप्प्यावर प्रत्येक गटाने आपल्या पाच महत्त्वाच्या विधानांचा तक्ता करावा. विधान काय, ते कोण सांगते, त्यांना ते कसे ठाऊक (स्वतः पाहिले की ऐकले), दुसरा पुरावा कोणता, आणि दोन्ही जुळतात का. हा तक्ता शिक्षकाने ओळ न ओळ वाचावा.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ते बहुतेक गावांत उपयोगी पडेल. गाजरगवत मिलोबरोबर आले, असे अनेक जण खात्रीने सांगतात. काही जण ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे म्हणतात. आता या गवताची भारतातली पहिली मानली जाणारी नोंद पुण्याची आहे आणि ती पन्नासच्या दशकाच्या मध्यातली, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळापूर्वी सुमारे सतरा वर्षे आधीची आहे. ‘पीएल ४८०’ या अमेरिकी कायद्याखाली धान्य पुरवण्याचा भारत-अमेरिका करारही १९५६ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे या नोंदीनंतर झाला. तेव्हा ‘मिलोमुळे गाजरगवत देशात आले’ हे विधान टिकत नाही. पण एवढ्यावर थांबून आजोबांना खोटे ठरवणे ही इतिहासाची रीत नाही. ‘आमच्या शिवारात ते आम्ही पहिल्यांदा दुष्काळानंतर पाहिले’ असे त्यांचे निरीक्षण असेल तर ते मोलाचे आहे आणि ते खरे असू शकते. साक्षीतले निरीक्षण आणि त्यावरून काढलेले अनुमान यांत फरक करायला मुले इथे शिकतात, आणि हा फरक त्यांना व्याख्येतून समजावून सांगण्यापेक्षा या एका गवताने चांगला समजतो.

मजुरीच्या आकड्यांतही तफावत येईल. तिघांनी तीन आकडे सांगितले तर सरासरी काढू नये. काम वेगळे होते का, महिना वेगळा होता का, पुरुषाची आणि बाईची मजुरी वेगळी होती का, पैशांबरोबर धान्य मिळत होते का, हे परत जाऊन विचारावे. त्यानंतरही मेळ बसला नाही तर तिन्ही आकडे प्रदर्शनात ठेवावेत.

निवड

पाच गटांकडे मिळून पन्नास-साठ वस्तू जमतील. त्यांतल्या वीस ठेवायच्या, हा आकडा शिक्षकाने आधीच जाहीर करावा आणि त्यावर ठाम राहावे. प्रत्येक गटातून एक अशा पाच जणांची निवड समिती करावी. वस्तू आणणाऱ्या विद्यार्थ्याने समितीसमोर दोन मिनिटे बोलायचे असते. ही वस्तू आपल्या प्रश्नाला काय उत्तर देते, तेच उत्तर दुसरी वस्तू अधिक चांगले देते का, आणि ही वस्तू त्या वर्षातलीच आहे हे कशावरून, एवढेच मुद्दे असावेत. घरातली सुंदर पितळी समई इथे गळते आणि मोडका टिकाव राहतो, आणि त्याबद्दल नाराजी होते. ती होऊ द्यावी. शिक्षकाने मध्ये पडून समई आत घेतली तर पुढच्या सगळ्या चर्चेचे मोल जाते. मात्र वगळलेल्या वस्तूची नोंद आणि वगळण्याचे कारण लेखी राहिले पाहिजे, आणि देणाऱ्याला ते नम्रपणे सांगण्याची जबाबदारी त्या विद्यार्थ्याची.

फलक आणि पट्ट्या लिहिणे

दहावीच्या वर्गात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) ज्या उर येथील प्राचीन संग्रहालयाचा उल्लेख येतो, तिथे राजकन्या एनिगाल्डीने जमवलेल्या वस्तूंबरोबर त्यांची माहिती देणारा मातीवरचा लेखही उत्खननात मिळाला होता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या संग्रहालयालाही पट्टीवाचून भागले नाही.

दाराजवळचा मुख्य फलक शंभर शब्दांचा, प्रत्येक विभागाचा साठ शब्दांचा आणि वस्तूची पट्टी पन्नास शब्दांपर्यंतची असावी. मर्यादा ओलांडू देऊ नये. पहिला मसुदा बहुतेक वेळा असा येतो : ‘हे जुने घमेले आहे. पूर्वीच्या काळी लोक याचा उपयोग माती वाहण्यासाठी करत असत. त्या काळी लोक खूप कष्टाळू होते.’ यात वस्तूकडे पाहिल्याचे कोठेच दिसत नाही, काळ कोणता ते कळत नाही आणि शेवटचे वाक्य पुराव्यावाचून आहे. मसुद्यावर शिक्षकाने दुरुस्ती करून देऊ नये. प्रत्येक वाक्याखाली ‘कशावरून?’ एवढेच लिहून तो परत द्यावा. तिसऱ्या-चौथ्या मसुद्याला पट्टी पुढीलप्रमाणे व्हावी.

‘लोखंडी घमेले. तळाला दोन ठिगळे. १९७३ च्या उन्हाळ्यात पाझर तलावाच्या कामावर वापरले, असे मालकीणबाई सांगतात. त्यांचे वय तेव्हा एकोणीस होते. आम्ही ते मातीने भरून तोलले. दिवसाला किती खेपा होत, याविषयी तलावावर काम केलेल्या तिघींनी वेगवेगळे आकडे दिले. तिन्ही आकडे शेजारच्या तक्त्यात आहेत.’

पट्टीवर जे डोळ्यांना दिसते, जे कोणी सांगितले आणि जे आपण अनुमानाने म्हणतो ते वाचणाऱ्याला वेगवेगळे ओळखू यावे. विशेषणे जवळजवळ सगळी काढावीत. लेखन हाताने केले तरी चालते, फक्त वस्तूपट्टीचे अक्षर एक मीटरवरून म्हाताऱ्या माणसाला वाचता येईल एवढे मोठे असावे. ज्यांना वाचता येत नाही अशा आजींना पट्टी वाचून दाखवण्यासाठी प्रत्येक विभागात एक विद्यार्थी हवाच.

मांडणी

वर्गखोलीची मापे मुलांनी घ्यावीत, आलेख कागदावर आराखडा काढावा आणि पाहणाऱ्याची वाट त्यावर बाणाने दाखवावी. चालायला किमान एक मीटर जागा सोडावी. चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण चार-साडेचार फुटांवर ठेवला तर मोठ्यांना आणि मुलांना दोघांनाही दिसतो. खिडकीतून थेट ऊन येते तिथे कागद लावू नयेत. बाकांवर साधी सुती कापडे पुरतात, सजावटीवर खर्च करू नये. खोलीत दोन-तीन बाक बसण्यासाठी मोकळे ठेवणे मात्र विसरू नये, कारण गावातली वडीलधारी माणसे वस्तू पाहून तिथेच बसतील आणि बोलू लागतील, आणि ते बोलणे टिपून घेण्यासाठी वही-पेन घेतलेला विद्यार्थी जवळ असला पाहिजे.

प्रदर्शनाचे दिवस

२६ आणि २७ जानेवारी असे दोन दिवस ठेवावेत. दाराजवळ अभिप्रायवहीऐवजी दुरुस्तीवही ठेवावी आणि तिच्यावर ‘यात काय चुकले आहे किंवा राहिले आहे ते सांगा’ असे लिहावे. ‘सुंदर उपक्रम’ अशा शेऱ्यांनी मुलांना काही शिकायला मिळत नाही. ‘हा तलाव त्या वर्षी झाला नाही, रस्ता आधी झाला’ अशा एका नोंदीने मिळते. पहिल्या दिवशी आलेल्या दुरुस्त्यांवर त्या संध्याकाळी गटांनी विचार करावा, पटलेल्या दुरुस्त्या पट्टीवर वेगळ्या शाईने तारखेसह लिहाव्यात आणि न पटलेल्यांची कारणे वहीत नोंदवावीत. मार्गदर्शन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाठ केलेले भाषण म्हणू नये. ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ या प्रश्नाला प्रत्येकाला उत्तर देता आले, म्हणजे तयारी पुरेशी झाली.

मूल्यमापन

शंभर गुण धरले तर प्रश्न व मुलाखतीला २०, पडताळणीच्या तक्त्याला ३०, पट्टीला ३० आणि पाहुण्यांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांना २० असे वाटप मला योग्य वाटते. देखणेपणाला गुण नकोत. गटाच्या कामात एखाद्याचा वाटा झाकला जाऊ नये म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःची एक पट्टी लिहावी, आणि वगळलेल्या एका वस्तूविषयी ती का वगळली याचे एक पान लिहावे. पट्टीचा पहिला आणि शेवटचा मसुदा एकत्र तपासले की त्या मुलाने काय कमावले ते स्पष्ट दिसते.

प्रदर्शनानंतर

वस्तू ठरल्या तारखेला, नोंदवहीतली अवस्था ताडून आणि पावतीवर पोच घेऊन विद्यार्थ्यांनी स्वतः परत न्याव्यात. ज्यांनी मुलाखत दिली त्यांना त्यांच्या बोलण्याचा उतारा छापून द्यावा. संमती असलेली ध्वनिमुद्रणे, नोंदवही, दुरुस्तीवही, नकाशा आणि सर्व पट्ट्या एका पेटीत शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात आणि त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. पुढच्या वर्षीच्या नववीने त्याच प्रश्नाचा राहिलेला भाग घ्यावा की नवा प्रश्न शोधावा, हे त्यांनी ही पेटी उघडून आणि दुरुस्तीवहीतल्या अनुत्तरित नोंदी वाचून ठरवावे.